लॅपटॉप निवडताना प्रोसेसरच्या नावाआधी वॅट पाहा

लॅपटॉप घेताना बहुतेक जण प्रोसेसरचे नाव आणि रॅमचा आकडा विचारून थांबतात. वास्तविक लॅपटॉपची रचना ठरते ती उष्णतेवरून. चिपला जितकी वीज द्यावी तितकी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि त्यासाठी लागणारे पंखे व तांब्याच्या नळ्या यंत्राची जाडी आणि वजन वाढवतात. त्यामुळे तपशिलाच्या पानावर सर्वप्रथम वॅटचा आकडा शोधावा. इंटेलच्या बाराव्या आणि तेराव्या पिढीत यू श्रेणीच्या बहुतेक चिपची मूळ मर्यादा 15 वॅट, तर एच श्रेणीची 45 वॅट आहे. ‘कोअर आय 7’ हे नाव मात्र दोन्हींवर असते. एनव्हिडियाचे आरटीएक्स 4060 हे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये 35 पासून 115 वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवलेले असू शकते, म्हणून विक्रेत्याला टीजीपी (ग्राफिक्स कार्डाला दिलेली विजेची मर्यादा) किती, हे स्पष्ट विचारावे.

बॅटरीचा हिशेब घरीच करता येतो. क्षमता वॅट-तासांत दिलेली असते. तिला सरासरी वापराच्या वॅटने भागले की तास मिळतात. 54 वॅट-तासांची बॅटरी लेखन-वाचनाच्या 6 वॅटच्या कामात नऊ तास चालेल, 12 वॅटच्या कामात साडेचार. विमानात विशेष परवानगीशिवाय 100 वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येत असल्याने मोठे लॅपटॉपही त्याच्या आतच थांबतात. 45 वॅटची चिप आणि 115 वॅटचे कार्ड पूर्ण जोराने चालले, तर एवढी बॅटरीसुद्धा चाळीस मिनिटे पुरणार नाही; त्यामुळेच असे लॅपटॉप चार्जर काढताच आपला वेग कमी करतात. ज्यांना रोज लोकलने प्रवास करायचा आहे, त्यांनी यंत्राच्या वजनात चार्जरचे वजन मिळवूनच तुलना करावी.

2020 च्या एम 1 मॅकबुक एअरप्रमाणे पंखाच नसलेली यंत्रे शांत असतात आणि किरकोळ कामांत कोठेही अडत नाहीत. तथापि लांबलचक व्हिडिओ संपादनात ती हळूहळू मंदावतात. ॲपलने मॅकबुकसाठी 35 अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानले आहे. नागपूरच्या मे महिन्यात हे वाक्य जरा गांभीर्याने वाचावे.

नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टींवर पैसे आधी खर्च करावेत. 2024 मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा 200 व्ही चिपमध्ये रॅम चिपच्याच पॅकेजवर असते, 16 किंवा 32 जीबी, आणि ती पुढे वाढवता येत नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवण्याची जागा, अनेक यंत्रांत बदलता येते, तेव्हा तिथे काटकसर चालेल. पोर्टच्या, म्हणजे बाहेरची उपकरणे जोडण्याच्या खाचांच्या, बाबतीत ॲपलचाच दाखला पुरे: 2016 च्या मॅकबुक प्रोमधून काढून टाकलेली एचडीएमआय आणि एसडी कार्डाची सोय 2021 मध्ये परत द्यावी लागली.

दुकानात गेल्यावर यंत्र उलटे करून हवेच्या जाळ्या पाहाव्यात. त्या केवळ तळाशी असतील, तर गादीवर ठेवून काम करणाऱ्याने दुसरे यंत्र पाहावे. कीबोर्डच्या मध्यभागी दाबून तो खाली लवतो का ते तपासावे आणि एक परिच्छेद मराठीत टंकून पाहावा. शेवटी पडद्याची चमक पूर्ण वाढवून यंत्र दाराजवळच्या उजेडात न्यावे. बहुतेक विक्रेते एवढे करू देतात.