तरंगता बर्फ वितळला तर समुद्र किती चढतो? दोन बरण्यांचा प्रयोग

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ध्रुवीय बर्फाची प्रतिकृती हमखास असते, आणि तिच्यात एक चूकही हमखास असते: परातीत बर्फ तरंगत ठेवायचा आणि तो वितळला की ‘समुद्र चढला’ म्हणायचं. तरंगत्या बर्फाने पातळी जवळजवळ बदलत नाही. त्याचं नुकसान दुसऱ्याच वाटेने होतं. दोन्ही गोष्टी दाखवणारी ही मांडणी. सामान सांगली-मिरजेतल्या कुठल्याही घरात सापडेल.

आदल्या रात्री दोन स्टीलच्या वाट्यांत प्रत्येकी २०० मिली पाणी आणि निळ्या शाईचे ३ थेंब घालून फ्रीझरमध्ये ठेवा. (हळद सांगलीची असली तरी इथे नको, ती विरघळत नाही, तळाशी बसते.) सकाळी बर्फ नीट बघा: कडेला फिका, रंग मधोमध गोळा झालेला. गोठताना पाण्याचे स्फटिक परकं ते बाहेर ढकलतात. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, तेव्हा मीठही असंच बाहेर पडतं. खालचं पाणी खारट, जड होऊन बुडतं आणि खोल सागरी प्रवाहांना रेटा मिळतो. वितळण्याच्या घाईत मुलं नेमकं हेच दाखवायचं विसरतात.

आता १० सेंमी व्यासाच्या, सरळ भिंतींच्या दोन पारदर्शक बरण्या घ्या. दोन्हींत १ लिटर पाणी, ३५ ग्रॅम मीठ. पुरतं विरघळवून तासभर ठेवा. पहिलीत बर्फ तरंगू द्या. दुसरीच्या तोंडावर गाळणी ठेवून बर्फ तिच्यात, म्हणजे हा जमिनीवरचा, ग्रीनलँडसारखा. बर्फ ठेवल्यानंतरच मार्करने पातळीची रेघ मारा. आधी मारली की सगळं फसतं.

दुसऱ्या बरणीत पाणी सुमारे अडीच सेंमी चढेल. पहिलीत जेमतेम अर्धा मिलिमीटर, तेही बर्फ गोड्या पाण्याचा म्हणून. ढवळू नका: निळं गोडं पाणी खाऱ्यावर थर धरून राहतं, ते दिसू द्या. बर्फ तळाला टेकला तर निष्कर्ष चुकतो. बरणीबाहेरचा ओलावा पुसा, नाहीतर कोणीतरी ‘गळतंय’ म्हणणारच.

मग ऊन. दोन सारख्या पेल्यांत २०० मिली पाणी. एक पांढऱ्या, एक काळ्या कागदात वरून-खालून गुंडाळा. साडेदहा ते साडेअकरा उन्हात, वारा अडवून. ताप मोजायचा थर्मामीटर चालणार नाही, प्रयोगशाळेतला ० ते १०० अंशांचा घ्या. काळा पेला जास्त तापतो. उघडा समुद्र सुमारे ९४ टक्के ऊन शोषतो, बर्फाळलेला निम्मं किंवा कमीच. म्हणून बर्फ घटला की समुद्र तापतो, आणि तापला की आणखी घटतो.

फलकावर आकडे मोजकेच: आर्क्टिकचा सप्टेंबरमधला बर्फ १९८० च्या दशकात ७० लाख चौरस किमीच्या आसपास असे, २०१२ मध्ये ३४ लाखांवर आला, जवळजवळ भारताएवढा. अंटार्क्टिकाचा फेब्रुवारी २०२३ मध्ये १८ लाखांखाली गेला.

परीक्षक २०१९ च्या कृष्णेच्या पुराबद्दल विचारतील. ‘तो आर्क्टिकमुळे आला’ असं ठोकून देऊ नका. गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आर्क्टिक आणि मान्सूनच्या नात्याचा अभ्यास करतं, एवढंच सांगा.