हायब्रिड क्लब निवडताना या चुका टाळा

लांब आयर्न (पातळ पात्याचे, लांब पल्ल्याचे गोल्फ क्लब) जमत नाहीत म्हणून हायब्रिड (आयर्न आणि मोठ्या हेडचा वूड यांच्या मधला क्लब) घेतला आणि थोड्याच दिवसांत तोही बॅगेत पडून राहिला, असं सांगणारे हौशी गोल्फर पुष्कळ भेटतात. अशा वेळी लगेच स्विंग बदलायला जाऊ नका. क्लब कशाच्या आधारावर घेतला होता, ते आधी तपासा. बहुतेकांनी तो सोलवरचा, म्हणजे क्लबच्या तळावरचा, आकडा बघून घेतलेला असतो.

५ आयर्नच्या जागी ५ हायब्रिड

हा हिशेब सरळ वाटतो, पण या आकड्यांना सर्व कंपन्यांनी पाळायचं असं कोणतंही प्रमाण नाही. एकीचा ४ हायब्रिड २१ अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे क्लबच्या फेसचा, चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, मागे झुकलेला कोन), तर दुसरीचा २३ अंशांचा. त्यात आयर्नचे लॉफ्ट वर्षानुवर्षं कमी होत आलेत. पूर्वी ७ आयर्न ३४-३५ अंशांचा असायचा. आज नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच सेटमध्ये तो २८ ते ३० अंशांचा असतो आणि ५ आयर्न २२ अंशांच्या आसपास. अशा सेटमध्ये २५ अंशांचा ५ हायब्रिड घातलात, तर त्याचा लॉफ्ट तुमच्या ६ आयर्नएवढा होतो. शाफ्ट (दांडा) लांब असल्यामुळे तो थोडा पुढे जाईल, तरी दोन क्लब जवळजवळ एकच काम करतील आणि त्याहून लांबच्या अंतरासाठी हातात काहीच उरणार नाही. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. त्यातली एक जागा अशी घालवू नये.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोन अंतरं लिहून काढा: तुम्हाला भरवशाने मारता येणाऱ्या सगळ्यात लांब आयर्नचं कॅरी (चेंडू हवेतून जातो ते अंतर) आणि सगळ्यात छोट्या फेअरवे वूडचं कॅरी. आयर्न १५० यार्ड आणि वूड १८० यार्ड जात असेल, तर १६५ यार्ड हवेतून नेणारा हायब्रिड शोधा. सोलवर ४ लिहिलंय की ५, याने काही फरक पडत नाही. रोल मात्र यात धरू नका. मे महिन्यात कडक फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू खूप पळतो, पण पुण्या-मुंबईत पाऊस सुरू झाला की तोच चेंडू पडतो तिथेच रुततो.

सिम्युलेटरवर सगळ्यात लांब गेला तो घेतला

हायब्रिडने चेंडू उंच चढून ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबला पाहिजे. २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये हेझेलटाइनच्या १८व्या होलवर दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने दोनशेहून जास्त यार्डांवरून हायब्रिड मारला, चेंडू पिनजवळ (होलमधल्या झेंड्याजवळ) थांबवला आणि टायगर वूड्सला हरवलं. त्यामुळे स्क्रीनवर अंतराबरोबर उंची आणि चेंडू खाली उतरण्याचा कोनही बघा. शक्य असेल तर डेमो क्लब घेऊन गवतावर मारा. मॅटवर चेंडूच्या मागे लागलेला फटकासुद्धा रुंद सोलमुळे सरकत पुढे जातो आणि चूक लपते.

चेंडू सारखा डावीकडे जातो

उजव्या हाताने खेळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बरेच हायब्रिड स्लाइस करणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांचा चेंडू उजवीकडे वळतो त्यांच्यासाठी, बनवलेले असतात: ऑफसेट (फेस शाफ्टच्या रेषेपेक्षा मागे असणं) जास्त आणि वजन हीलकडे (हेडच्या शाफ्टजवळच्या टोकाकडे). तुमचा चेंडू मुळातच डावीकडे वळत असेल, तर कमी ऑफसेटचा क्लब घ्या. लॉफ्ट बदलता येणारा हायब्रिड असेल तर सेटिंग बघा; लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो.

शाफ्टच्या वजनाकडे मात्र फारच कमी लोक लक्ष देतात. आयर्नमध्ये ११० ग्रॅमचा स्टील शाफ्ट आणि हायब्रिडमध्ये ५५ ग्रॅमचा ग्राफाइट असेल, तर एकाच राउंडमध्ये हातांना दोन वेगळ्या लयी सांभाळाव्या लागतात. अशांनी ८० ग्रॅमच्या आसपासचा शाफ्ट मारून बघावा. माझ्या मते क्लबच्या हेडवर होणाऱ्या चर्चेपेक्षा ही तपासणी जास्त उपयोगाची आहे.

चेंडू वर उठतच नाही

हेड वूडसारखं दिसतं म्हणून अनेक जण चेंडू झाडल्यासारखा मारतात, मग टॉप होतो, म्हणजे क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागतो. चेंडू स्टान्सच्या (उभं राहताना दोन पावलांमधल्या जागेच्या) मध्यापासून किंचित पुढे ठेवा आणि आयर्नसारखा वरून खाली मारा. चेंडूच्या पुढचं गवत थोडं निघालं तर ठीकच आहे. एवढं करूनही १९ अंशांचा हायब्रिड खालूनच जात असेल, तर तुमच्या स्विंगच्या वेगाला तो लॉफ्ट कमी पडतोय. त्या जागी ७ वूड मारून बघा.