पोळ्याआधी प्रत्येक बैलाचा पाय उचलून पाहा

श्रावणात पावसाने दोन दिवस उघडीप दिली की कपाशीत कोळपणीची घाई सुरू होते आणि त्याच दोन दिवसांत माझा फोन सारखा वाजतो. "भाऊ, बैल लंगडस. खुरी उनी वाटस. कोणतं औषध आणू?" म्हणजे बैल लंगडतो, त्याला खुरी (लाळ्या खुरकूत) आली असं वाटतं. खान्देशातलं धरणगाव असो, शिरपूर असो की शहादा, प्रश्न हाच. माझाही उलटा प्रश्न ठरलेला असतो: पाय उचलून पाहिला का? दहापैकी आठ जणांनी पाहिलेला नसतो. तोवर फिनेल ओतून झालेलं असतं, मोटारसायकलचं जळकं ऑइल लावून झालेलं असतं, कुणीतरी सुईही टोचून गेलेला असतो, पण पाय मात्र जमिनीवरच असतो. म्हणून यंदाच्या सल्ल्यात औषधाआधी पाय पाहण्याबद्दल लिहितो आहे.

बैलाला सपाट, कोरड्या जागी उभा करा. एकाने वेसण धरावी. पुढचा पाय असेल तर खांद्याजवळ उभं राहून हात पायावरून खाली सरकवत न्यावा आणि खुराच्या वर धरून पाय दुमडावा. मागच्या पायाला ढोपराच्या वर जाड सुती दोराचा वेढा घ्यावा, दोर गोठ्याच्या मजबूत आढ्यावरून न्यावा आणि गाठ अशी मारावी की एका ओढीत सुटेल. बारीक नायलॉनची दोरी नको, ती कातडी कापते. जनावर मारकं असेल किंवा गाय गाभण असेल तर घरी झटापट करू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या खोड्यात न्या.

पाय उचलला की आधी पाण्याने आणि ब्रशने धुवा. आपली काळी माती इथेच दगा देते. ओली असताना ती दोन नख्यांच्या खाचेत शिरते, सोबत पऱ्हाटीचं (कपाशीच्या काडीचं) काटूक, गवताची मुळी, बारीक खडी घेते आणि उघडीप पडली की तिथेच विटेसारखी वाळते. बैल चालला की तो गोळा पाचरीसारखा दोन्ही नख्या फाकवतो. मी असे कितीतरी बैल पाहिले आहेत, ज्यांचा सगळा 'रोग' म्हणजे लिंबाएवढा मातीचा गोळा होता. तो बोथट लाकडी काडीने हळूहळू काढायचा, स्क्रूड्रायव्हरने नाही. खाच सोलवटली असेल तर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि बैल चार दिवस कोरड्यात बांधा. काम झालं.

गोळा नसेल तर धुतलेल्या खुराचा वास घ्या. हाताची उलटी बाजू दोन्ही नख्यांना लावून कोणती जास्त गरम आहे ते बघा. तळव्यावर लहान हातोडीने हलकेच टकटक करा. दुखऱ्या जागी बैल पाय झटकतो. मग तोंड उघडून जीभ आणि हिरड्या पाहा, आणि गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा. १०१ ते १०१.५ अंश फॅरनहाइटपर्यंत ठीक, १०३ च्या पुढे गेला तर तो ताप.

खुंट आणि काटा

खान्देशात एकच पाय धरणाऱ्या बैलाच्या खुरात बहुतेक वेळा काहीतरी घुसलेलं असतं. तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, कोयत्याने तिरप्या कापल्या की मागे राहिलेला खुंट भाल्यासारखा उभा राहतो. पऱ्हाटीचंही तसंच. त्यात बांधावरची बाभूळ, बोरीचे काटे आणि आता शेतोशेती पडलेली ठिबकची तार.

मागच्या पावसाळ्यात चोपड्याकडे एक बैल पाहिला. आठ दिवसांपासून पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता. धन्याने ऑइल लावलं होतं, चार सुया झाल्या होत्या. खूर वरून अगदी धडधाकट, सूज नाही, वास नाही. धुऊन तळवा खुरप्याच्या पात्याने जरा तासला तेव्हा पांढरट रेषेजवळ तिळाएवढा काळा ठिपका दिसला. हातोडी लागताच बैलाने पाय ओढून घेतला. डॉक्टरांनी तिथेच खूर कोरलं आणि राखाडी, पातळ, घाण वासाचा पू चिळकांडीसारखा बाहेर आला. मागून तुराटीचं बोटाच्या नखाएवढं टोक निघालं. संध्याकाळी बैल चार पायांवर उभा राहून कडबा खात होता. मधल्या आठ दिवसांत चार एकरांची कोळपणी राहिली होती आणि कपाशीत गवत गुडघाभर आलं होतं.

यावरून लक्षात ठेवायचं असं, की खूर कडक असतं, त्यामुळे आतला पू बाहेर येऊ शकत नाही आणि त्याच्या दाबानेच जनावर कळवळतं. वरून लावलेलं काहीही आत पोचत नाही. वाट मोकळी करावी लागते, आणि ती डॉक्टरांकडूनच. घरी रक्त येईपर्यंत कोरणं म्हणजे दुसरी जखम करणं. खिळा किंवा काटा स्पष्ट दिसत असेल तर काढा, पण कोणत्या जागी आणि किती खोल होता ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन अशा जखमेला विसरू नका. जखम पट्टीने बांधून वरून जाड पिशवी घट्ट गुंडाळा, बैल कोरड्यात ठेवा, पट्टी ओली झाली की बदला.

वास येत असेल तर

खाचेची कातडी फाटलेली, दोन्ही नख्या सारख्या सुजून फाकलेल्या, आणि नाक दाबावं असा कुजका वास: हा खुरसडा. चिखल, शेण आणि मूत्र यांत दिवसभर उभ्या असलेल्या जनावराची कातडी मऊ पडते, बारीक चीर जाते आणि जिवाणू आत शिरतात. बहुतेक वेळा एकच पाय, तोंड मात्र स्वच्छ. पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर झपाट्याने उतरतं. उशीर झाला तर सांध्यात जातं आणि मग जनावर कायमचं अधू होतं. दुभत्या गाईला प्रतिजैविक दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि पाळा. ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार असतं.

जखमेत अळ्या पडल्या असतील तर आधी टर्पेंटाइनचा बोळा ठेवून त्या बाहेर काढा, मग मलम. सीताफळाच्या पानांचा लगदा आपल्याकडे पूर्वापार वापरतात आणि तो उपयोगीही आहे, पण आत एकही अळी राहता कामा नये.

खरी खुरी

लाळ्या खुरकूत विषाणूमुळे होतो. तो एका पायावर थांबत नाही. ताप १०४-१०५ अंशांपर्यंत चढतो, तोंडातून तारेसारखी लाळ लोंबते, जनावर मचमच आवाज करतं, जिभेवर, हिरड्यांवर आणि खुरांच्या खाचेत फोड येऊन फुटतात. सडावरही येतात. गोठ्यातल्या एका जनावराला झाला की दोन-चार दिवसांत दुसऱ्याला दिसतो. लंगडणं आणि लाळ एकत्र असेल तरच त्याला खुरी म्हणा.

विषाणूवर थेट औषध नाही. जनावर वेगळं बांधा. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे लाल औषध, टाकून तोंड आणि पाय दिवसातून दोन-तीन वेळा धुवा. तोंडात बोरोग्लिसरीन लावा. कडबा चावता येत नाही, म्हणून पातळ पेज आणि कोवळा हिरवा चारा द्या. पायांसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सांगितलेलं तेल घरी होतं: कुप्पी (खोकली नावाचं तण), कडुलिंब, मेंदी आणि तुळस यांची प्रत्येकी मूठभर पानं, लसणाच्या दहा पाकळ्या, २० ग्रॅम हळद, सगळं वाटून अर्धा लिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात उकळायचं आणि गार करून लावायचं. जखमेवर माशा बसू नयेत म्हणून हे फार कामाचं आहे. गोठा धुण्याच्या पाण्यात लिटरला ४० ग्रॅम धुण्याचा सोडा टाका. वासराला आजारी गाईला पिऊ देऊ नका. लहान वासरांच्या हृदयावर हा विषाणू बसतो आणि उड्या मारणारं वासरू अचानक जातं. बैल बरा दिसला तरी पाय पूर्ण भरेपर्यंत जुंपू नका.

लस मोफत आहे. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात वर्षातून दोनदा दिली जाते, वासरांना चौथ्या महिन्यानंतर पहिली आणि महिन्याने दुसरी मात्रा. कानातला बारा अंकी बिल्ला म्हणजे त्या नोंदीचा आधार. लस टोचल्यावर दोन दिवस दूध कमी होतं म्हणून परत पाठवणारे लोक आहेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, रोग आला तर दूध महिनाभर जातं. आणि सावद्याच्या किंवा धुळ्याच्या बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे दावणीपासून दूर बांधा.

पायात नसलेला लंगडेपणा

हा भाग नीट वाचा, कारण इथे तास मोजावे लागतात. सहा महिने ते दोन वर्षांचं अंगाने भरलेलं वासरू अचानक लंगडलं, ताप आहे, मांडीवर किंवा खांद्याच्या फऱ्यावर सूज आहे आणि सूज दाबली की आत कुरकुर वाजतं, तर तो फऱ्या नावाचा रोग, ज्याला एकटांग्या म्हणतात. एक-दोन दिवसांत जनावर जातं. खूर धूत बसू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर लगेच फोन करा. याची लस पावसाळ्याआधी घ्यायची असते.

आज पुढचा पाय, उद्या मागचा, असा लंगडेपणा फिरत असेल, अंग आखडलेलं असेल आणि ताप असेल तर तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप. तो डासांसारख्या चावणाऱ्या किड्यांमुळे पसरतो आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो. अंगावर गाठी आणि पायावर सूज असेल तर लम्पी. २०२२ च्या लाटेत राज्यात तो आपल्याच रावेर तालुक्यात आधी दिसला होता, त्यामुळे ती सूज कशी असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुखणं कमी व्हावं म्हणून मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफिनॅक आणून टोचू नका. गिधाडं मेली म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात, ते वापरा.

गोठा, म्हशी आणि मोरचूद

केळीच्या पट्ट्यात बैल कमी झाले, बांधलेल्या म्हशी वाढल्या. त्यांची खुरं झिजत नाहीत, चपलेसारखी पुढे वळतात, वजन टाचेवर येतं आणि तळव्याला आतून जखम होते. सहा महिन्यांतून एकदा खुरं छाटून घ्या. ओट्याला मोरीकडे उतार ठेवा. रात्री तरी कोरड्यात उभं राहायला मिळालं पाहिजे.

पिकावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी घरात मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) असतोच. खुरं बुडवायला त्याचंच पाणी करा: १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. लोखंडी घमेल्यात नको, मोरचूद लोखंड खातो. आठवड्यातून दोनदा, पाय धुऊन मगच, पाच मिनिटं उभं करा. शेणाने द्रावणाचा जोर जातो. उघड्या जखमेवर हे वापरायचं नाही. उरलेलं पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात, नाल्यात कधीच नाही. मेंढ्यांना तांबं विषासारखं आहे, त्यांच्या आसपासही ते पाणी नको. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळ भावांच्या मेंढ्या गुडघ्यांवर टेकून चरताना दिसल्या की समजावं, खुरं सडली आहेत; त्यांच्यासाठी झिंक सल्फेट, १० लिटरला एक किलो, आणि त्यात दहा-पंधरा मिनिटं.

पोळ्याचं राहिलं. वर्षभर राबलेल्या बैलाला खापरावरचे मांडे चारावेत, जरूर चारावेत, पण घरातल्या प्रत्येकाने आणि शेजारच्या दहा घरांनी चारले तर पुरणाचा डोंगर पोटात आंबतो. त्या आंबटपणाने खुरातला नाजूक थर सुजतो, दोन-तीन दिवसांनी बैल पाठ कमानीसारखी करून, पाय एकत्र घेऊन उभा राहतो आणि चारही खुरं गरम लागतात. एक-दोन मांडे बास, बाकी हिरवा चारा.

पत्री, म्हणजे बैलाचा नाल, मारायची असेल तर पोळ्याच्या आठ दिवस आधी मारा, आदल्या दिवशी नको. बैल पाडायचा असल्यास सकाळी उपाशीपोटी, मऊ जागेवर. खिळा बाहेरच्या कडेतूनच जायला हवा आणि त्याचं टोक खुराच्या भिंतीतून वर दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी बैल त्याच नखीवर वजन टाकत नसेल किंवा पाय झटकत असेल तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका. नालबंदाला परत बोलवा, तो खिळा काढायला लावा, छिद्रात आयोडीन सोडा आणि त्या पायाची पत्री पंधरा दिवसांनी, खूर गार लागल्यावर मारा.