शिर्डीची फेरी कितीला पडली?

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स), टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची परवानगी), डीजीसीएचे म्हणजे विमान वाहतूक नियामकाचे पेपर हे सगळं करून जे इथवर आलेत, त्यांना मी ते परत सांगत नाही. एखाद्या शेठच्या खासगी जेटवर उजवी सीट, म्हणजे को-पायलटची जागा, मिळालीय किंवा मिळेल असं कोणीतरी म्हणतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विमान उडवता तुम्हाला येईलच. ते कितीला पडतं हे मला सांगता आलं नाही आणि त्यापायी नोकरी जायची वेळ आली होती.

मुंबईत कलिनाच्या खासगी विमानांच्या टर्मिनलबाहेर शेठनी गाडीत बसता बसता विचारलं, "कॅप्टन, शिर्डीची फेरी कितीला पडेल हो?" मी उभ्या उभ्या हिशोब केला. छोटं जेट, अर्ध्या तासाचा सेक्टर (एका बाजूचं उड्डाण), जमिनीवर विमान चालवायचं इंधन धरून साडेतीनशे लिटर, जाऊन-येऊन सातशे, लिटरला शंभर. "सत्तर हजार, सर." हुशारी केली असं वाटलं. शेठनी तो आकडा त्याच संध्याकाळी मेव्हण्यालाही सांगितला.

महिनाअखेरीस अकाउंट्सच्या मॅडमनी बोलावलं. त्या फेरीची बिलं तीन लाखांच्या आसपास. "सर विचारतायत, बाकीचे कुठे गेले?" म्हणजे मी खाल्ले का, हा प्रश्न होता. कान गरम झाले.

गेले कुठे ते सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. शेठ रात्री शिर्डीत राहिले. विमानाला तिथे रात्रभर जागा मिळाली नाही, मुंबईत पार्किंग आधीच फुल. मग रिकामं विमान छत्रपती संभाजीनगरला नेलं, सकाळी रिकामंच परत आणलं. शेठच्या दृष्टीने उड्डाणं दोन, विमानाच्या दृष्टीने चार. छोटा टप्पा स्वस्त असतो हा तर निव्वळ भ्रम. जेट वर चढतानाच सगळ्यात जास्त पितं आणि उंचीवर पोचून बचत सुरू होईतो उतरायची वेळ येते. चार वेळा उतरलो, म्हणजे चार वेळा लँडिंग चार्ज, हँडलिंग (जमिनीवरची सेवा) आणि नॅव्हिगेशनचं शुल्क. लँडिंग गिअरचं आयुष्य लँडिंगवर मोजतात, इंजिनातल्या डिस्कचं सायकलवर, म्हणजे उडून उतरण्याच्या एका खेपेवर. दहा मिनिटं उडा नाहीतर तीन तास, सायकल एकच जाते. त्यावर इंजिन प्रोग्रॅमचे, म्हणजे इंजिनाच्या देखभालीच्या कराराचे, उडालेल्या तासामागचे डॉलर, दोन्ही इंजिनांचे वेगळे. लहान विमानतळाची कामाची वेळ संपली आणि शेठ जेवायला बसलेत, तर ती वेळ वाढवून घ्यायचं बिलही आपल्याच नावावर. हे सगळं मला माहीत होतं हो. पण विचारलं तेव्हा तोंडातून फक्त इंधन निघालं.

म्हणून तोंडी आकडा कधीच देऊ नका. "संध्याकाळपर्यंत पाठवतो, सर" एवढंच म्हणा. शेठ लोक त्याने रागवत नाहीत, त्यांच्याकडे सीएसुद्धा हेच करतो. कागदावर रिकाम्या फेऱ्यांची ओळ पहिली लिहा, इंधनाची नंतर. विमा, हँगर, पगार, सिम्युलेटरसाठीची परदेशवारी हे विमान जमिनीवर असतानाही चालू असतं, ते वेगळ्या रकान्यात. इंजिन प्रोग्रॅममध्ये बहुधा वर्षाचे किमान तास ठरलेले असतात. कमी उडालात तरी पैसे तेवढेच. विमान कमी उडालं की खर्च कमी, हा शेठचा आवडता समज आहे. तो हळूच काढा, चारचौघांत नको.

वेळेचाही खर्च असतो. मुंबईत गर्दीच्या तासांत खासगी विमानांना मनाई असते. फेब्रुवारी २०२४मध्ये ती दिवसाला ४ तासांवरून ८ तासांवर गेली. शेठ वीस मिनिटं उशिरा आले की स्लॉट (उडायची ठरवून दिलेली वेळ) जातो आणि पुढचा कधी मिळेल ते नशिबावर.

स्वस्त राज्यातून टाकी भरून आणायची युक्ती सीनियर सांगतील. इंधन जीएसटीत नाही, व्हॅट राज्यागणिक वेगळा. मुंबई-पुण्यात २०२३च्या अर्थसंकल्पात तो २५ टक्क्यांवरून १८वर आणला, तरी फरक उरतोच. युक्ती खरी आहे. पण जास्तीचं वजन वाहून नेण्यातच त्यातलं थोडं इंधन जळतं, कमाल लँडिंग वजनाची मर्यादा असते आणि जुलैत ओल्या रनवेवर जड विमान उतरवायचं असतं. चार हजार वाचवायला मी ते करणार नाही. पावसाळ्यात होल्डिंगचं, म्हणजे उतरायची वाट बघत घिरट्या घालायचं, इंधन मात्र कमी करू नका, कोणीही सांगितलं तरी.

दोन गोष्टी अजिबात नकोत. इंधनवाल्याकडून लिटरमागे "कॅप्टनचं" कमिशन घेऊ नका, या धंद्यात ते पंधरा दिवसांत शेठच्या कानावर जातं. आणि विमान खासगी नोंदणीचं असेल तर शेठचा मित्र "पेट्रोलचे देतो" म्हणाला तरी एक रुपया घ्यायचा नाही. भाडं घ्यायला वेगळं परमिट लागतं. मैत्री शेठची, लायसन्स तुमचं.

माझे कॅप्टन म्हणायचे, खर्च मालकाचा प्रश्न, आपण उडवायचं. माणूस चांगला, सल्ला वाईट. मला खरं शिकवलं ते मेंटेनन्सच्या इंजिनियरने आणि त्याच मॅडमनी. घाबरू नका, शेठनी मला काढलं नाही. चारही सेक्टरचा कागद नेऊन ठेवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे आधी का नाही दिलं?"

रुजू झालात की पहिल्या महिन्यात अकाउंट्समध्ये जाऊन मागच्या दहा फेऱ्यांची बिलं मागा. पायलट बिलं मागतोय म्हणून तिथले लोक हसतील, पण देतील. मला तर चहाही मिळाला होता.