ऐरोलीला वर्ग न्यायचाय? मग आधी तिथी बघा

आपल्याकडे सहलीची तारीख ठरते ती युनिट टेस्ट कधी संपते आणि बस कधी मिळते यावर, आणि नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीसाठी नेमकं हेच चालत नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात बोट कधी सुटणार हे भरती-ओहोटी ठरवते. पूर्ण ओहोटीला पाणी एवढं उतरतं की बोट चिखलात रुतेल, आणि पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी उठून नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात, म्हणजे आपल्याला हवी मधली वेळ, बोट चालेल एवढं पाणी आणि रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, चरायला थोडा उघडा चिखल. आम्ही एका वर्षी हे न बघताच गेलो होतो. 48 मुलं, उन्हात दोन तास, आणि लांबवर फक्त एक गुलाबी रेघ. परत येताना एका मुलीने विचारलं, "बाई, पक्षी आले होते का?" ते अजून मनाला लागतं.

म्हणून पहिलं काम, भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, पंचमीला साधारण पावणेचार, द्वादशीला नऊ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज झाला हं, नक्की बोटीची वेळ ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात फोन करूनच घ्यायची, ग्रुप बुकिंग, फी, सुट्टीचा वार सगळं त्याच फोनमध्ये विचारून टाका. पण हे गणित मुलांकडून वर्गात करून घ्याच, पाढे आणि चंद्र एकाच तासाला होतात आणि पोरांना तारीख आपण ठरवली असं वाटतं. महिना म्हणाल तर पक्षी साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात, मी जानेवारी-फेब्रुवारी धरते, नंतर ऊन सोसवत नाही.

मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, बस, हे आपल्याला पाठच आहे. फक्त संमतीपत्रात दमा, अ‍ॅलर्जी आणि बोट लागते का हे तीन प्रश्न घाला, आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस हे अजिबात सोडू नका. अख्खी इयत्ता एकदम नेऊ नका, एकेक तुकडी न्या. बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, शिक्षकांनीसुद्धा, पोरं आपल्याकडे बघूनच घालतात.

कपडे फुल बाह्यांचे आणि मळकट रंगाचे, कारण तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांत, डास भरपूर, चपला नकोत बूट हवेत, टोपी, पाण्याची मोठी बाटली. डब्यात पोळी-भाजी, वेफर्सची पाकिटं घरीच ठेवायची, खाडीवरच्या वाऱ्याने रिकामं पाकीट कुठे जाईल सांगता येत नाही. प्रथमोपचार पेटीत ओआरएस आणि सॅनिटरी पॅड ठेवा, सातवीच्या मुलींना याची गरज पडते आणि त्या सांगत नाहीत, आपणच निघायच्या आधी हळूच सांगून ठेवायचं की बाईंच्या बॅगेत आहेत.

दुर्बीण चार मुलांत एक पुरते पण ती आदल्या आठवड्यात वर्गात वापरून झालेली हवी, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाटी वाचायला लावा, नाहीतर बोटीत अर्धा वेळ फोकस करण्यातच जातो. त्याच आठवड्यात एक तास माहितीसाठी काढा, फार नको. रोहित गुलाबी का, तर चिखल-पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन, त्यातला रंगच पिसांत उतरतो. करड्या रंगाचं दिसलं तर ते आजारी नाही, लहान पिल्लू आहे, हा प्रश्न दरवर्षी येतो. 2015 मध्ये अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसरचा दर्जा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान, मिळाला हेही सांगा, आपल्या घराजवळची खाडी जगाच्या यादीत आहे हे ऐकून मुलं ताठ बसतात.

आणि प्लीज, सगळा वेळ फ्लेमिंगोला देऊ नका. कांदळवनातल्या लाकडी वाटेवर निदान अर्धा तास ठेवा. तिवराचं पान हातात न तोडता नुसतं उलटून बघायचं, कधीकधी त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात, झाड खारं पाणी पिऊन मीठ पानातून बाहेर टाकतं. खाली चिखलात पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली असतात, ती श्वासासाठी. मागच्या खेपेला आमचा एक मुलगा, वर्गात कधी हात वर न करणारा, एकदम ओरडला "निवटी! निवटी!" आणि सगळ्यांना दाखवलं की मासा असून ती चिखलावर कशी उड्या मारते, त्याच्या आजोबांनी दाखवलेली होती. वीस मिनिटं तोच आमचा गाइड. तुमच्या वर्गात कोळीवाड्यातलं कोणी असेल तर आधी विचारून ठेवा.

वहीत फक्त तीन गोष्टी लिहायला सांगा, काय दिसलं, ते काय करत होतं, मला काय विचारायचंय. वर्कशीटचे चार कागद दिले की मुलं मान खाली घालून तेच भरत बसतात. फोन एकाच शिक्षकाकडे, फोटो तेवढेच. बसमध्ये चढताना मुलं मोजा, दुर्बिणी मोजा, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तास रिकामा ठेवा, त्या तिसऱ्या रकान्यातले प्रश्न वाचायला.