नोंद झाली, पण रात्र कशी गेली? पॅलिएटिव्ह केअर देताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात घरोघरी जाऊन पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) देणाऱ्या आम्ही नर्स, डॉक्टर स्वतःच्या कामाला बहुधा चांगलेच गुण देतो. भेट झाली, गोळ्या दिल्या, रजिस्टर भरलं. पेशंटची रात्र कशी गेली, हे मात्र त्या रजिस्टरात कुठेच नसतं.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर तोंडाचा कॅन्सर झालेल्या आजी होत्या. विचारलं की म्हणायच्या, "बरं हाय ताई." मी लिहायचे, वेदना आटोक्यात. एकदा मुलगा पाणी आणायला गेला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "रातभर बसून काढते. पोराला सांगू नका, जागला तर त्याचा रोज बुडंल." किती आठवडे मी चुकीचं लिहीत होते! तेव्हापासून पेशंटशी पाच मिनिटं एकटीनं बोलल्याशिवाय मी उठत नाही. दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि रात्री किती वेळा जाग आली, हे दोन्ही विचारते.

दुसरी चूक औषधाची. "दुखलं तर घ्या" असं सांगून मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, देऊ नका. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण ४ तास टिकतो, म्हणून ती घड्याळ पाहून द्यायची, दुखण्याची वाट पाहून नाही. मध्येच कळ उठली तर जादा डोस लागतो, साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेच्या १/६. तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. झोपताना दुप्पट मात्रा देऊन मध्यरात्रीचा डोस टाळता येतो, हेही त्यांना विचारा. किडनी कमजोर असेल तर मात्र मात्रा आणि अंतर दोन्ही नव्याने ठरवावे लागतात. मळमळ काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. ते राहिलं की पेशंट पोटाच्या त्रासाने मॉर्फिनच सोडतो, आणि आपण म्हणतो, औषध मानवलं नाही.

मॉर्फिनची "सवय लागेल" ही भीती आपल्यातल्याच अनेकांच्या मनात आहे. मॉर्फिन ज्यात येतं त्या अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, परवान्यांची कटकट कमी झाली, तरी हात आखडतो तो आपलाच.

जखमेला वास येतो म्हणून पेशंटला पडवीत झोपवलेलं दिसलं, तर घरच्यांना रागावू नका. मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकची गोळी बारीक कुटून जखमेवर टाकायला डॉक्टरांच्या सल्ल्याने शिकवा. वास कमी झाला की खाट पुन्हा घरात येते.

"त्यांना आजाराचं नाव सांगू नका" असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा वाद घालू नका आणि खोटंही बोलू नका. पेशंटलाच विचारा, "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" बहुतेकांना कळलेलं असतं.

आणि मृत्यूनंतर फाइल बंद करू नका. दहावा झाल्यावर घरी जा, शेवटच्या रात्रीबद्दल विचारा. सिन्नरच्या एका सूनबाई मला म्हणाल्या, "नंबर होता तुमचा, पण रात्री लावावा का नाही, कळेना." आता गोळ्यांच्या पाकिटावर नंबर लिहिते, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत "रात्रीसुद्धा".