जनुकं, बुद्धी आणि मनोविकार: या चुका टाळा

‘हुशार माणसंच वेडी होतात’ असं म्हणणारे आपल्याकडे आहेत आणि ‘मुळात डोकंच कमी’ म्हणणारेही. जनुकांच्या अभ्यासात दोघांचंही म्हणणं टिकत नाही.

पहिली चूक म्हणजे सगळे मनोविकार एकाच पिशवीत भरणं. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर आजार) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांचं बुद्धिमत्तेशी असलेलं जनुकीय नातं उलट दिशेचं आहे, म्हणजे आजाराकडे झुकवणारी जनुकं सरासरीनं थोड्या कमी बुद्धीशी जोडलेली दिसतात; ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) मात्र काहीसं सुलट.

पुढची चूक आकड्यांची. हे नातं किती घट्ट, ते सहसंबंधाच्या आकड्यानं (उणे १ ते अधिक १) मोजतात; स्किझोफ्रेनियासाठी तो साधारण उणे ०.२ आहे. म्हणजे ‘२० टक्के धोका’ नव्हे! त्याचा वर्ग केला तर उरतात ४ टक्के. दोन्हींमागच्या जनुकीय फरकांचा सामाईक भाग एवढाच. तोही लाखो लोकांच्या सरासरीतून निघालेला. तुमच्या मुलाच्या गणिताच्या मार्कांवरून त्यातलं काहीच कळत नाही.

वय विसरू नका. जुळ्यांच्या सुमारे ११,००० जोड्यांवरच्या २०१० सालच्या अभ्यासात बुद्धिमत्तेची आनुवंशिकता (लोकांमधल्या फरकांत जनुकांचा वाटा) नवव्या वर्षी ४१ टक्के, बाराव्या वर्षी ५५ आणि सतराव्या वर्षी ६६ टक्के निघाली. मग बातमीत छापलेला आकडा कोणत्या वयाचा? हे न बघताच वाद घातले जातात. स्किझोफ्रेनिया आणि बुद्धी यांच्यातला धागा उतारवयातही दिसतो. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्यांची बुद्धीची चाचणी अकराव्या वर्षी झाली, पुन्हा सत्तरीत झाली. स्किझोफ्रेनियाचा जनुकीय कल जास्त असलेल्यांची मधल्या काळातली घसरण सरासरीनं थोडी अधिक होती, आणि हे आजाराचे रुग्ण नव्हते, साधे म्हातारे होते.

शिवाय आईवडील जनुकांसोबत घरही देतात. सख्ख्या भावंडांची आपसांत तुलना केली की बुद्धी आणि शिक्षणाशी जोडलेले जनुकीय परिणाम आक्रसतात, म्हणजे त्यांतला काही भाग घराचाच असतो.

स्थळ मोडताना तर ताळतंत्रच सुटतं. मुलीच्या आत्याला स्किझोफ्रेनिया होता, एवढ्यावर नकार! जुन्या कौटुंबिक अभ्यासांनुसार अशा भाचीला आजार होण्याची शक्यता १०० मध्ये ३-४. कुणालाही असते ती १ च्या आसपास. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही.

ऑनलाइन डीएनए किटच्या ‘बुद्धी अहवाला’वर पैसे घालवू नका. त्यामागची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची, आपल्यावर तिचे अंदाज आणखी कच्चे ठरतात. जनुकीय चाचणीला अर्थ असतो तो वेगळ्या ठिकाणी: जन्मजात हृदयदोष, तोंडातल्या टाळूचा दोष आणि शिकण्यातली अडचण एकत्र दिसली, तर २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असू शकतो. असा तुकडा गळालेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला पुढे स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. तिथे किट नको, जनुकीय समुपदेशक गाठा.